मोठ्या तलावात लहान होडी: भीती जायला किती फेऱ्या लागतात?

तुमचा प्रश्न मला असा समजला. ४.५ मीटरची उघडी होडी, मागे १५ अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन, तीन महिन्यांत दहा-बारा फेऱ्या. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका दुपारी भावाला घेऊन साधारण पाच किलोमीटर आत गेलात, परत फिरलात, आणि तुमच्याच शब्दांत, ‘अचानक वारा सुटला’. जायला वीस मिनिटं लागली होती, यायला तास लागला. दोघं भिजून चिंब, पायाशी पाणी, भाऊ पूर्ण गप्प. त्यानंतर तुम्ही धक्का दिसेनासा होईल इतके लांब गेलेला नाहीत. आता विचारताय की आणखी किती फेऱ्या मारल्या की भीती जाईल, आणि मोठं इंजिन बसवलं तर फरक पडेल का.

इंजिनाचं उत्तर लगेच देते: बसवू नका. त्या दिवशी तुम्हाला इंजिन कमी पडलं नव्हतं. लाटांमुळे तुम्ही स्वतःच वेग कमी केलात, आणि ते बरोबरच केलंत. जास्त ताकदीचं इंजिन म्हणजे मागच्या टोकावर जास्त वजन. तिथेच तुम्ही बसता, तिथेच इंधनाची टाकी असते, आणि तिथूनच पाणी सगळ्यात सहज आत येतं. शिवाय बऱ्याच होड्यांवर किती ताकदीपर्यंतचं इंजिन चालेल याची पट्टी लावलेली असते. त्या आकड्याच्या वर जायचं नाही.

फेऱ्यांचा प्रश्न जरा उलगडून बघावा लागेल. पंधरा-वीस वर्षं मी लोकांना लहान होड्या चालवायला शिकवते आहे. शंभर फेऱ्या मारूनही घाबरणारे पाहिलेत आणि चौथ्या दिवशी निवांत असणारेही. शंभर फेऱ्यावाला तीच एक फेरी शंभरदा मारत असतो: वारा नसताना, सकाळी, धक्क्यापासून त्याच टेकाडापर्यंत. त्याला होडी सरळ चालवता येते, एवढंच सिद्ध झालेलं असतं. होडी सरळ चालत नाही तेव्हा काय होतं, हे त्याला ठाऊक नसतं. आणि नेमकं तेच ठाऊक नाही याचीच त्याला भीती वाटते. ती भीती खोटी नाही.

तुमच्या त्या दुपारकडे पुन्हा बघू. वारा अचानक सुटला, याबद्दल मला शंका आहे. तुम्ही लिहिलंय की धक्क्यापाशी पाणी ‘काचेसारखं’ होतं आणि जाताना वारा जाणवतच नव्हता. म्हणजे वारा तुमच्या पाठीमागून, काठाकडून तलावाकडे वाहत असणार. लाट तयार व्हायला वाऱ्याला पाण्यावरून अंतर कापावं लागतं. काठाशी ते अंतर शून्य, म्हणून तिथे पाणी शांत. जसजसं आत जाल तसतशी लाट वाढत जाते, पण हळूहळू, आणि तीही पाठीमागून, जिथे तुम्ही बघत नसता.

त्यात अंगावर जाणवणाऱ्या वाऱ्याचं गणित मिळवा. समजा वारा ताशी २५ किमी होता आणि तुम्ही ताशी १५ किमीने त्याच दिशेला चालला होतात. अंगाला लागत होता फक्त १० किमीचा वारा, म्हणजे झुळूक. वळलात, वेग ताशी ५ किमीवर आणलात, तरी तोंडावर ३० किमीचा वारा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे तिप्पट वेग म्हणजे नऊपट जोर. तलाव तोच, वारा तोच, तुम्ही फक्त तोंड फिरवलंत. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांची ‘अचानक वारा सुटला’ ही गोष्ट खरं तर ‘मी अचानक वळलो’ अशी असते. (उरलेल्या निम्म्यांचा वारा खरंच वाढलेला असतो. बऱ्याच मोठ्या तलावांवर दुपारी जमीन तापली की पाण्यावरून काठाकडे वारा सुरू होतो, आणि डोंगरात अडकलेल्या तलावांवर दिशा बदलून वाहणारे वारे असतात. तुमचा तलाव कोणत्या प्रकारचा, हे तिथे रोज पाण्यात जाणाऱ्यांना विचारा.)

यातून एक सवय निघते, आणि या सगळ्या उत्तरातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या: जाताना वाऱ्याच्या तोंडावर, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध जा. कष्टाचा भाग आधी, सोपा भाग परतीला. दहा मिनिटं वाऱ्यावर गेलात आणि नको वाटलं, तर वळायचं की वारा तुम्हाला घरी आणतो. धक्का अशा बाजूला असेल की वारा काठाकडूनच वाहतोय आणि दुसरा पर्यायच नाही, तर निघाल्यावर दर पाच मिनिटांनी मुद्दाम उलटं वळून दोन मिनिटं परत या. परतीची चव आधीच घ्या. त्या दिवशी तुम्ही पहिल्या किलोमीटरला असं केलं असतंत, तर तिथूनच मागे फिरला असतात आणि मला हे लिहायची गरज पडली नसती.

आता सरावाचं. मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी इंजिन बंद करायला लावते. हलका वारा असलेला दिवस, काठापासून दोन-तीनशे मीटर, वारा जिकडे वाहतो त्या बाजूला मोकळं पाणी, खडक नाहीत, बाकी होड्यांची ये-जा नाही. इंजिन बंद, हात मांडीवर, दहा मिनिटं काहीही करायचं नाही. होडीला एकटं सोडून बघायचं ती काय करते. बहुतेक होड्या वाऱ्याला आडव्या होतात, हलकं पुढचं टोक वाऱ्याखाली, म्हणजे वारा जिकडे वाहतो त्या बाजूला ढकललं जातं, आणि मग डुलत डुलत वाहत जातात. डुलणं वाढलेलं वाटतं, पण पाणी आत येत नाही. काठावरचं झाड आणि त्यामागचं दुसरं काही एका रेषेत धरून ठेवा, म्हणजे किती वाहिलात ते कळतं. माझी होडी हलक्या वाऱ्यात पाच मिनिटांत साधारण शंभर मीटर वाहते. म्हणजे वाऱ्याखालचा काठ दोन किलोमीटरवर असेल, तर इंजिन बंद पडल्यावर माझ्याकडे दीड तासाहून जास्त वेळ आहे. वारा जास्त असला तर कमी, पण तरी मिनिटं नव्हे. हा हिशेब मनात पक्का बसला की इंजिनाने नुसती उचकी दिली तरी काळजात धस्स होणं थांबतं.

दुसऱ्या दिवशी तेच, फक्त नांगर टाकून. नांगर नेहमी पुढच्या टोकावरून, मागून कधीच नाही. मागून बांधला तर लाटा थेट इंजिनाच्या खाचेतून आत येतात, आणि नुसत्या एवढ्या चुकीने होड्या बुडाल्या आहेत. दोर खोलीच्या पाच ते सात पट सोडायचा, आणि खोली मोजताना पाण्यापासून होडीच्या टोकापर्यंतची उंचीही धरायची. सहा मीटर पाणी आणि वर अर्धा मीटर असेल, तर किमान बत्तीस-तेहतीस मीटर दोर. लोक दहा मीटर दोर घेऊन फिरतात आणि म्हणतात नांगर धरत नाही. दोर आडवा पडला तरच नांगर तळात रुततो, उभा ओढला तर उपटून येतो. नांगर धरला की होडी आपणहून वाऱ्याकडे तोंड करते आणि डुलणं निम्म्याने कमी होतं. तळ फार खोल असेल आणि नांगर पोचतच नसेल, तर मजबूत बादलीला दोर बांधून ती पुढच्या टोकावरून पाण्यात सोडा. होडी थांबत नाही, पण वाहण्याचा वेग कमी होतो आणि तोंड बऱ्यापैकी लाटांकडे राहतं.

लाटांबद्दल जरा सविस्तर, कारण तुमची भीती तिथे बसली आहे. ‘तलावच तर आहे’ असं म्हणणाऱ्यांना मी उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराची आठवण करून देते. १० नोव्हेंबर १९७५ रोजी तिथल्या वादळात एडमंड फिट्झजेराल्ड हे सुमारे २२२ मीटर लांबीचं मालवाहू जहाज बुडालं, वरचे सगळे २९ जण गेले. तुमचा तलाव तेवढा नसणार, पण लहान होडीला तेवढं लागतही नाही. लहान होडीसाठी तलावाची लाट समुद्राच्या लाटेपेक्षा वेगळी आणि बरेचदा जास्त त्रासदायक असते. समुद्रावरची लांबून आलेली लाट आठ-दहा सेकंदांनी येते, होडी तिच्यावर चढते आणि उतरते. पाच किलोमीटर पाण्यावर तयार झालेली लाट दोनेक सेकंदांनी येते, आणि तिच्या दोन माथ्यांमधलं अंतर साधारण सहा मीटर असतं. तुमची होडी साडेचार मीटरची. एका लाटेवरून पुढचं टोक खाली येतं न येतं तोच पुढची लाट समोर. म्हणून गुडघ्याएवढ्या लाटांनीही तुम्ही चिंब झालात. त्यात तुमचा दोष नव्हता, मापंच तशी जुळली होती.

अशा लाटांवर सरळ तोंडाने, वेगात गेलं की टोक आपटतं आणि पाणी उसळून अंगावर येतं. वेग इतका कमी करा की होडी सुकाणूला जेमतेम ऐकेल. मग लाट अगदी समोरून न घेता थोडी तिरकी घ्या, तीस ते पंचेचाळीस अंशांत. तिरकं गेलं की लाटेची लांबी होडीसाठी वाढते आणि चढउतार सौम्य होतो. घर थेट वारा येतो त्या दिशेला असेल तर नागमोडी जा, एकदा डावीकडे तिरकं, एकदा उजवीकडे. अंतर वाढेल, वाढू दे. वजन मध्यावर आणि खाली. सोबत्याला पुढच्या टोकावर बसवू नका, टोकाला लाटेवर उचलून यायला हलकं राहू द्या. वळायचं असेल तर लाटा मोजा. त्या सारख्या उंचीच्या नसतात, दोन-तीन मोठ्या येऊन गेल्या की थोडी उसंत मिळते. शेवटची मोठी गेली की एका दमात, न थांबता वळा, म्हणजे आडवं राहण्याचा वेळ कमीत कमी.

पाठीवरच्या लाटा सुखाच्या वाटतात, आणि मला त्यांचीच जास्त धास्ती असते. होडी माथ्यावरून घसरत खाली सुटते, पुढचं टोक समोरच्या लाटेत घुसतं, मागचा भाग बाजूला फिरतो आणि होडी क्षणात आडवी होते. लाटेच्या पाठीवर राहायचं, माथा ओलांडून पुढे सुटायचं नाही. थ्रॉटलवर (वेग कमी-जास्त करायच्या मुठीवर) हात जिवंत ठेवा, एका जागी घट्ट धरून बसू नका. इथे वजन थोडं मागे सरकवलेलं चालतं.

हवामानाच्या अंदाजात लाटेची उंची दिलेली असेल तर ती कशी वाचायची, हेही सांगते. तो आकडा म्हणजे सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. अर्धा मीटर लिहिलंय म्हणजे बहुतेक लाटा त्याहून लहान, पण अधूनमधून एखादी जवळजवळ दुप्पट. होडी त्या एकीला झेपली पाहिजे. आकडा नसेल तर डोळ्यांनी बघा. लाटांच्या माथ्यावर कुठे कुठे पांढरे तुरे दिसू लागले की वारा ताशी १२ ते १९ किमीच्या पट्ट्यात आहे. सगळीकडे तुरे दिसत असतील तर २० ते २८. तुमच्या होडीला आणि तुमच्या आजच्या सरावाला मी पहिली अवस्था ही शिकण्याची, आणि दुसरी अवस्था ही काठावरून बघण्याची म्हणेन. सहा महिन्यांनी ही रेषा सरकेल. पण बघताना धक्क्यावरून नाही, शक्य असेल तर वाऱ्याखालच्या काठावरून बघा. धक्का आडोशाला असेल तर तो तुम्हाला खोटं सांगतो, हे एकदा अनुभवलं आहेच.

धक्का दिसेनासा झाला की पोटात गोळा येतो, असं तुम्ही लिहिलंय. होडीत बसल्यावर तुमचे डोळे पाण्यापासून जेमतेम एक मीटर वर असतात. तेवढ्या उंचीवरून क्षितिज साधारण ३.६ किलोमीटरवर संपतं. त्यापलीकडचा सखल धक्का पृथ्वीच्या गोलाईमागे जाऊ लागतो. तुम्ही काही हरवलेला नसता. निघतानाच धक्क्याच्या मागचं उंच काहीतरी हेरून ठेवा आणि साध्या होकायंत्रावर परतीची दिशा बघून कागदावर लिहा. मोबाइलचा नकाशा आहेच, पण ओल्या बोटांनी तो चालत नाही.

धक्क्याला लागण्याचं तुम्ही विचारलं नाहीत. कुणीच विचारत नाही, आणि बघणाऱ्यांसमोर फजिती होण्याच्या भीतीने कितीतरी जण वारा असला की बाहेरच पडत नाहीत. होडीला ब्रेक नसतो आणि ती मागून वळते, या दोन गोष्टी अंगात मुरल्या की झालं. पुढचं टोक धक्क्यापासून वळवलं की मागचं टोक धक्क्यावर आदळतं, कारण ते बाहेरच्या बाजूला फिरतं. आधी इंजिन वळवायचा दांडा फिरवायचा, मग थ्रॉटल द्यायचा, उलटं नाही. याचा सराव धक्क्यावर करू नका. रिकाम्या प्लास्टिकच्या कॅनला दोर आणि दगड बांधून तो मोकळ्या, उथळ पाण्यात सोडा. वाऱ्याच्या तोंडावरून त्याच्याकडे या, दहा-पंधरा मीटर आधी न्यूट्रल, आणि कॅन हाताशी येईल तिथे होडी आपणहून थांबली पाहिजे. वीस वेळा करा. पहिल्या आठ वेळा कॅन होडीखाली जाईल. कॅनला राग येत नाही.

मग उरतं पाण्यात पडणं. इथे हवामान आणि पाण्याचं तापमान यावर सगळं अवलंबून आहे. थंड पाण्यावर काम करणारे संशोधक गॉर्डन गीसब्रेख्ट यांचा १-१०-१ हा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. बर्फाळ पाण्यात पडल्यावर पहिलं १ मिनिट धाप आवरण्याचं, पुढची सुमारे १० मिनिटं हातपाय कामाचे, आणि साधारण १ तासाने थंडीने शुद्ध हरपण्याचा धोका. म्हणजे गार पाण्यात बहुतेकांना आधी थंडी मारत नाही, धाप लागून पहिल्याच मिनिटात नाकातोंडात पाणी जाण्याचा धोका असतो. लाइफ जॅकेट होडीत ठेवायची वस्तू नाही, अंगात घालायची आहे. पडल्यावर ती घालता येत नाही. आणि इंजिन तात्काळ बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी मनगटाला किंवा मांडीला अडकवल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. दांड्यावरचा हात सुटला की इंजिन बरेचदा एका बाजूला वळतं, होडी गोल फिरते आणि पडलेल्या माणसावरच परत येते.

होडीत परत चढणं हा प्रकार मी स्वतः फार उशिरा करून पाहिला. शिकवायला लागून तीन वर्षं झाली होती. छातीइतक्या पाण्यात, उबदार दिवशी, मजा म्हणून उडी मारली आणि स्वतःच्याच होडीत मला चढता येईना. चार प्रयत्न, दंडाला खरचटलं, शेवटी काठापर्यंत ओढत नेली. इतकी वर्षं मी लोकांना कशाच्या बळावर आत नेत होते, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही. दोरीचा फास करून पायरी करता येते, पण पाय होडीखाली सरकतो आणि आपण उताणे होतो. मागच्या कोपऱ्याला लावायची छोटी शिडी सगळ्यात बरी. इंजिन बंद असेल तर त्याच्या पायावर पाय देऊनही चढता येतं. तुम्ही आणि भाऊ, दोघांनी हे उथळ पाण्यात, अंगात लाइफ जॅकेट घालून, एकेकट्याने करून बघा. आणि कधी होडी उलटलीच तर तिला सोडून काठाकडे पोहत निघू नका. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो, आणि शोधणाऱ्याला डोक्यापेक्षा होडी आधी दिसते.

त्या दिवशी पायाशी किती पाणी होतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. तुमच्या होडीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ढोबळ मानाने पन्नास लिटर, पन्नास किलो. घोटाभर, दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे पाचशे किलो. आणि हे वजन माणसासारखं एका जागी बसत नाही, होडी ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला धावतं. म्हणून उपसणं लांबणीवर टाकायचं नाही. हाताने चालणारा पंप चांगला, दोरीने बांधलेली बादली त्याहून चांगली. इंधनाचे तीन भाग करा, एक जायला, एक यायला, एक न वापरायला. तुमच्या त्या फेरीत परतीला जाण्यापेक्षा बरंच जास्त इंधन लागलं असणार, टाकी कधी बघितलीत का?

हे सगळं एका महिन्यात, आठ-दहा फेऱ्यांत बसतं. इंजिन बंद करण्याचा दिवस, नांगराचा दिवस, कॅनचे दोन-तीन दिवस, पाण्यात पडण्याचा एक. मग तुरळक तुरे दिसत असताना वाऱ्याच्या तोंडावर एक किलोमीटर आणि परत, मग दोन. त्या पाच किलोमीटरच्या जागेची घाई नको. एकटे जाऊ नका, आणि कुठे चाललोय, किती वाजता परत येणार हे काठावरच्या एका माणसाला सांगून जा.

भावाला पुन्हा नेऊ का, असं शेवटी विचारलंय. न्या, पण त्याला काम द्या. तो गप्प झाला कारण त्याच्या हातात काहीच नव्हतं आणि तुमच्या चेहऱ्याशिवाय बघायला काही नव्हतं. बादली त्याची, लाटा मोजणं त्याचं, नांगराचा दोर त्याचा. आणि कॅनच्या सरावाच्या दिवशी निम्मा वेळ दांडा त्याच्या हातात द्या. तुम्ही पाण्यात पडलात तर परत येऊन तुम्हाला उचलणार तोच आहे.